नाजिरा, बाराखडी आणि टंच

हुपरीत चांदीची लगड हातात पडली की कुणीही आधी एकच प्रश्न विचारतो : टंच किती? समोरचा माणूस सख्खा मामा असला तरी टंच काढल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही, आणि त्यात कुणाला अपमानही वाटत नाही. चांदी ती चांदी, नाते ते नाते. याच गावात मी वाढलो. पण पोरांना वाचायला कसे शिकवायचे हा विषय निघाला की इथे टंच कुणी विचारत नाही. 'आम्ही असेच शिकलो' एवढे म्हटले की चर्चा संपते. शाळेतही संपते, मदरशातही संपते.

माझी नानी पैंजणाच्या कड्या जोडायची. दिवसभर मान खाली, हातात चिमटा. पण पहाटे फज्रनंतर ती रेहलवर कुराण उघडून बसे आणि एका लयीत पानेच्या पाने वाचत जाई. कुठे अडखळणे नाही, कुठे मागे येणे नाही. गल्लीतल्या कितीतरी मुलींनी तिच्याकडे कुराण पुरे केले. हीच नानी बँकेत गेली की अंगठा उठवायची. एसटीची पाटी दुसऱ्याला विचारायची. जनगणनेची व्याख्या सांगते की सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते ती साक्षर. नानी वाचत होती, पण वाचलेले समजत नव्हते, आणि लिहिता तर येतच नव्हते. म्हणजे सरकारी कागदावर ती निरक्षर. लहानपणी मला याचा राग यायचा. आता वाटते, व्याख्या चुकीची नव्हती. पण त्या व्याख्येच्या बाहेर नानीकडे जे होते त्याचा हिशेबही कुणीतरी ठेवायला हवा होता.

हा हिशेब मला पुन्हा मांडावा लागला तो भाच्यामुळे. तो तिसरीत होता तेव्हा शाळेतून निरोप आला, 'याला वाचता येत नाही.' बहीण चक्रावली. कारण तोच मुलगा संध्याकाळी मशिदीच्या मकतबमध्ये दहावा सिपारा वाचत होता. ती मला म्हणाली, "मौलवीसाब के पास तो फरफर पढता. स्कूल में जाकू क्या होता इसकू?" मुलगा एक, डोळे तेच, जीभ तीच. एका ठिकाणी पहिल्या रांगेत, दुसऱ्या ठिकाणी शेवटच्या. या कोड्याचा माग काढता काढता मी बराच मागे गेलो.

आधी मकतबबद्दल, कारण तिथली रीत मला आतून माहीत आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नूरानी कायदा चालतो. पहिल्या तख्तीवर सुटी हरूफ. मग जोडलेली हरूफ. मग जबर, जेर, पेश. मग तनवीन, मद्द, तशदीद. प्रत्येक पायरीवर हिज्जे : 'बे जबर ब, बे जेर बि, बे पेश बु.' अक्षर आणि आवाज यांची गाठ इतक्या वेळा मारली जाते की ती सुटत नाही. मुख्य म्हणजे उस्तादासमोर एकेक मूल जाऊन बसते. ज्याचा सबक पक्का झाला तो पुढे, ज्याचा नाही तो तिथेच. नव्या पाठाला सबक, जुन्याच्या उजळणीला आमुख्ता, दोन्ही रोज. इयत्ता नाही, वर्ष संपल्याची घाई नाही. आमच्या वेळी छडीही होती, ती मी पद्धतीत धरत नाही. छडी नसती तरी आम्ही शिकलो असतो, आणि काही पोरे पळून गेली ती गेली नसती.

शिवाय कुराणाच्या छापील प्रतीत प्रत्येक खूण दिलेली असते. अंदाज करायला जागा नाही. म्हणून एरवी 'ढ' समजले जाणारे मूलही नाजिरा पूर्ण करते. ही साधी गोष्ट नव्हे. अक्षरांतून उच्चार काढणे हे कौशल्य जवळपास प्रत्येक मुलाला येऊ शकते, याचा ढळढळीत पुरावा दर संध्याकाळी आपल्या गल्लीत बसलेला असतो.

मग नानीचे काय कमी पडले? याचे उत्तर मला सापडले ते इब्न खल्दूनच्या 'मुकद्दिमा'त, म्हणजे १३७७ साली लिहिलेल्या ग्रंथात. मुस्लिम मुलखांत मुलांना शिकवण्याच्या रीती कशा वेगवेगळ्या आहेत यावर त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे. मगरिबात, म्हणजे मोरोक्कोच्या बाजूला, मुलांना फक्त कुराण आणि त्याची लेखनपद्धती शिकवत. दुसरे काही मध्ये येऊ देत नसत. अंदलूसमध्ये, म्हणजे मुस्लिम स्पेनात, कुराण पाया असेच, पण त्याबरोबर कविता, पत्रलेखन, व्याकरण आणि हस्ताक्षर यांवर भर असे. इफ्रिकिया, म्हणजे आजच्या ट्युनिशियाचा भाग, या दोहोंच्या मध्ये. इब्न खल्दून नुसते वर्णन करून थांबत नाही; तो परिणाम पाहतो. मगरिबातली मुले कुराणाच्या लेखनात आणि पाठात पक्की, पण भाषेवर पकड नाही, मनातले मांडता येत नाही. अंदलूसची मुले पाठांतरात मागे, पण लिहिण्या-बोलण्यात कसलेली. रीत वेगळी, फळ वेगळे, आणि दोन्ही शेजारी ठेवून केलेली तुलना. सहाशे वर्षांपूर्वीचा हा टंचच म्हणायचा.

त्याच प्रकरणात तो काझी अबू बक्र इब्नुल अरबी यांचे मत नोंदवतो. (हे सेव्हिलचे काझी, निधन ११४८; सूफी इब्न अरबी वेगळे.) काझीसाहेबांचे म्हणणे असे की आधी मुलांना भाषा आणि कविता शिकवा, मग हिशेब, आणि मग कुराण, म्हणजे ते त्यांना सोपे जाईल. ज्याचा अर्थ कळत नाही ते मुलाला वाचायला लावणे ही आपल्या लोकांची गफलत आहे. इब्न खल्दून म्हणतो, मत उत्तम आहे, पण रिवाज त्याच्या विरुद्ध आहे. मूल उद्या हातात राहील की नाही या काळजीने लोक आधी कुराणच शिकवतात. ही काळजी माझ्या नानीच्या आईलाही असणार. नऊ-दहा वर्षांची पोर, दोन वर्षांत चिमटा हातात येणार. तेवढ्यात जे देता येईल ते द्या.

आजचे संशोधक हेच वेगळ्या शब्दांत सांगतात. १९८६ साली फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी मांडले की समजून वाचणे म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार : लिपी उलगडणे आणि भाषा समजणे. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. नानीची लिपीची बाजू पूर्ण होती, अरबी भाषेची बाजू शून्य. दखनी आणि मराठी ती उत्तम बोलायची, म्हणजे भाषेची बाजू पूर्ण होती, तर देवनागरी शून्य. दोन्ही गुणाकारांत तिच्या वाट्याला शून्यच आले.

आता शाळेकडे वळू. पंतोजींच्या शाळेत पोरे धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवत आणि मोठ्याने म्हणत. या देशी पद्धतीला हसणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख असलेल्या अँड्र्यू बेलने मलबारी शाळेतली पोरे अशी वाळूत अक्षरे काढताना पाहिली, ती रीत उचलली, मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवण्याची जोड दिली आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापले. पुढे इंग्लंडमधल्या गोरगरिबांच्या शाळा 'मद्रास पद्धती'वर चालल्या. आपल्या जुन्या अंकलिपीतला 'ग म भ न' हा क्रमही हाताची सोय पाहून लावलेला : वळण सोपे, काना सरळ. ओनामा गिरवण्याला तो ठीक. पण गिरवणे आणि वाचणे या दोन गोष्टी आहेत. पुढे येते ती बाराखडी. चौतीस व्यंजने गुणिले बारा, म्हणजे चारशेच्या वर आकार, आणि तेही जोडाक्षरे सोडून. सगळी वर्णमाला, मग सगळी बाराखडी, मग शब्द, असा क्रम लावला तर मूल कित्येक महिने एकही अर्थपूर्ण ओळ न वाचता नुसती अक्षरे मोजत बसते. वाचण्याचा फायदा काय ते त्याला कळतच नाही. घरी ज्यांचे आई-बाप गोष्टी वाचून दाखवतात ती मुले हा काळ निभावून नेतात. बाकीची गळतात.

आमच्या भागात मुले शाळेपर्यंत आणण्याचे काम कुणी केले हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा कायदा आला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्या काळी रुपया म्हणजे काय ते मजुराला विचारा. आपल्या सभांत शाहू महाराजांचे नाव बोर्डिंगच्या संदर्भात निघते आणि टाळ्या पडतात. मला त्याहून मोलाची वाटते ती एक लहान गोष्ट : कुराणाच्या मराठी भाषांतराच्या कामाला त्यांनी दिलेली मदत. शाळा आणि भाषांतर ही दोन कामे मी एकाच वहीत लिहितो. एकाने लिपी हातात येते, दुसऱ्याने अर्थ.

पोरे शाळेत आली; पण वर्गात काय करायचे? तिकडे ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला आणि १९४५ पासून बोर्डीला, अनुताई वाघांच्या साथीने, खेळातून शिकवण्याचा ध्यास घेतला. खुद्द कोल्हापुरात १९८५ साली लीलाताई पाटील यांनी 'सृजन आनंद विद्यालय' काढले आणि मुलांच्या अनुभवातून भाषा शिकवली. पण लिपीच शिकताना अडकणाऱ्या मुलासाठी सर्वांत नेमके काम झाले ते फलटणला, असे माझे मत आहे.

मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या मराठी बोलीतले फरक हा त्यांच्या पीएचडीचा विषय. अभ्यासासाठी आल्या आणि राहिल्या. १९७८ साली भारताच्या नागरिक झाल्या. दलित वस्तीतली मुले शाळेत जाऊनही वाचायला शिकत नाहीत हे त्यांनी रोज पाहिले आणि त्यांना घेऊन बसायला सुरुवात केली. त्यातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन उभे राहिले. त्यांची युक्ती ऐकायला सोपी आहे. वर्णमालेचा क्रम सोडा. नेहमी लागणारी मोजकी अक्षरे आणि एखाददुसरी मात्रा यांचा एक गट करा, आणि त्या गटातूनच लगेच शब्द वाचायला द्या. मी माझ्यापुरते उदाहरण देतो : क, म, ल, र आणि काना. एवढ्यावर कमल, काम, मला, माल, लाल, काका, मामा, कला, मार, कमाल, मालक. पाच खुणांत अकरा शब्द, तेही बोलण्यातले! मूल पहिल्याच आठवड्यात वाचते, आणि वाचलेले त्याला कळते. त्याबरोबर गप्पा, गोष्टी वाचून दाखवणे, मुलाने स्वतःचे दोन शब्द लिहिणे. लिपी पायरीपायरीने, अर्थ पहिल्या दिवसापासून. काझीसाहेबांना हे पटले असते.

इंग्रजीच्या जगात यावर मोठी भांडणे झाली. आधी अक्षर-ध्वनी की आधी आख्खा शब्द, या वादावर जीन चॉल यांनी १९६७ साली सगळे अभ्यास तपासून पुस्तक लिहिले. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय समितीनेही पद्धतशीर अक्षर-ध्वनी शिक्षणाच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे तो वाद तसाच्या तसा उचलून आणला जातो, हे मला खटकते. इंग्रजीचा त्रास वेगळा : अक्षरे सव्वीस, पण उच्चाराचा भरवसा नाही. आपला त्रास वेगळा : उच्चाराचा बराचसा भरवसा आहे, पण आकार शेकड्यांनी. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांचा अभ्यास करून दाखवले की अक्षरांचा हा पसारा पक्का व्हायला चौथी किंवा त्याहून पुढची इयत्ता उजाडते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांत पाहिले की पहिल्या वेलांटीचे शब्द उच्चारायला जास्त वेळ लागतो, कारण ती लिहिली जाते आधी आणि बोलली जाते नंतर. म्हणजे 'कि' वर अडकणारे पोर मठ्ठ नसते. लिपीच तिथे उलटी फिरते. आणि पहिलीतच सगळे उरकायचा आपला हट्ट!

आपल्या उर्दू शाळांसाठीही एक अभ्यास पाहण्यासारखा आहे. हिंदी आणि उर्दू दोन्ही लिप्या येणाऱ्या वाचकांना चैत्रा राव, ज्योत्स्ना वैद आणि सहकाऱ्यांनी शब्द वाचायला दिले (२०११). हिंदीतले शब्द लवकर वाचले गेले, उर्दूतले सावकाश. भाषा जवळजवळ एक, लिपीचा फरक. उर्दूत जबर-जेर लिहीत नाहीत. मीम आणि लाम एवढेच दिसले की ते 'मिल' की 'मल' हे संदर्भावरून ओळखायचे. कुराण खुणांसह वाचलेले मूल उर्दूचा पेपर सहज वाचेल अशी आपली समजूत असते. लिपी एकच दिसते, पण पायाखालच्या खुणा काढून घेतलेल्या असतात.

आणि सबक-आमुख्ता? ज्याची जिथे पायरी तिथून त्याला शिकवणे, याचाही टंच निघाला आहे. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवले. शिकवायला वस्तीतल्याच तरुण मुली, नाव बालसखी. कोणत्या शाळेत तिसरीला आणि कोणत्या शाळेत चौथीला बालसखी मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले, म्हणजे तुलना खरी व्हावी. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मोजणी केली. दुसऱ्या वर्षाअखेर गुणांतली वाढ ०.२८ प्रमाण विचलन इतकी निघाली. सोप्या भाषेत, शंभर मुलांत खालून पन्नासाव्या जागी असलेले मूल साधारण एकसष्टाव्या जागी आले. आणि त्यांनी हेही लपवले नाही की कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने हा फायदा ०.१० पर्यंत उतरला. आमुख्ता बंद पडला की सबक विरतो, हे कोणत्याही हाफिजला विचारा.

पालघर जिल्ह्यातल्या वाड्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी त्याच मुलांमागे पहिलीपासून तिसरीपर्यंत राहून आणखी एक गोष्ट पाहिली : वर्गात मुलांना बोलायला, विचार करायला, अर्थ लावायला जागाच मिळत नाही. घरची बोली वेगळी असलेली मुले तर गप्पच बसतात. देशाचे चित्र 'असर'च्या पाहणीत दिसते. ग्रामीण भारतात तिसरीतल्या शंभरांपैकी २०१८ मध्ये २७ मुले दुसरीचा उतारा वाचत होती, करोनानंतर २०२२ मध्ये २०-२१, आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.

भाच्याकडे परत येतो. त्याला घेऊन बसलो तेव्हा पहिल्या दिवशी त्याने पाठ्यपुस्तकातला धडा धडाधड वाचून दाखवला. मी हाताने ओळ झाकली आणि मधलाच एक शब्द विचारला. गप्प. धडा पाठ होता, वाचलेला नव्हता. मात्रा निम्म्या येत होत्या. आणि दुसरी बाजू त्याहून वाईट. 'आड' म्हणजे काय, तर 'आडवा'. 'ओसरी' माहीत नाही. 'निजला' माहीत नाही. घरात दखनी, गल्लीत दखनी. शाळेचे मराठी त्याच्यासाठी अर्धे परके होते. मकतबमध्ये अर्थ कुणी विचारत नव्हते म्हणून तो पहिला होता. शाळेत अर्थ गृहीत धरला होता आणि लिपी अर्धवट सोडली होती, म्हणून तो शेवटचा होता.

आम्ही पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या. क, म, ल, र, काना. मग दुसरा गट. पहिले शब्द त्याच्याच तोंडातले, देवनागरीत : नानी, मामू, चांदी, कडी, घुंगरू. 'घुंगरू'ला तो दोन दिवस झगडला, पण सोडला नाही, कारण घुंगरू रोज मांडीएवढ्या ढिगाने घरात पडलेले असतात. मग त्याने स्वतः वाक्य लिहिले : 'अम्मी रात कू कडी जोडती.' ती वही शाळेत गेली. तिथे लाल शाईने शेरा आला, 'ही मराठी नाही.' खरेच होते ते. पण अख्ख्या वर्षात त्याने न बघता लिहिलेले ते पहिले वाक्य होते, हे शेरा देणाऱ्याला दिसले नाही. बहीण घाबरली, म्हणाली दखनी बंद करा. मी बंद केली नाही. त्याच वाक्याखाली आम्ही मराठी वाक्य लिहिले, 'आई रात्री कड्या जोडते', आणि काय बदलले ते शोधायचा खेळ केला. 'रात्री'तला 'त्र' त्याला असा सापडला.

एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, हे वर एवढे सगळे लिहून मला म्हणावेच लागेल. शिवाय मामा रोज तासभर शिकवायला बसणे ही काही चाळीस पोरांच्या वर्गाला लागू पडणारी पद्धत नव्हे. मकतबच्या मौलवीसाहेबांना मी विचारले, रोज दहा मिनिटे एखाद्या आयतीचा मराठी अर्थ मुलांनीच वाचायचा, असे करता येईल का? त्यांनी लगेच नकार दिला नाही. म्हणाले, मराठी वाचायला मलाच कुणीतरी पक्के शिकवावे लागेल. आता गुरुवारी असरनंतर भाचा आणि मौलवीसाहेब दोघेही चिठ्ठ्या घेऊन बसतात. भाचा एक गट पुढे आहे. गेल्या गुरुवारी दोघेही 'म्हैस' या शब्दावर अडले. आधी म की आधी ह, यावर बराच वेळ वाद चालला होता.